पपई टाळा, सरकी चालेल!
जीएम अन्नाविषयीच्या मराठी सल्ला-लेखनाची तपासणी

सल्ला देणारे गद्य हा आपल्याकडे समीक्षेचा विषय मानला जात नाही. आरोग्याची सदरे, दिनदर्शिकांच्या मागच्या पानांवरचे आहारविषयक मजकूर, कृषी खात्याच्या पुस्तिका, आणि आता 'सावधान!' या शब्दाने सुरू होऊन 'सर्वांना पाठवा' या आज्ञेने संपणारे मोबाइलवरचे निरोप हे सारे वाचले जाते, बरेचसे पाळलेही जाते. कवितेपेक्षा तर कितीतरी अधिक. परंतु मजकूर म्हणून ते कोणी तपासत नाही. त्याचा लेखक कोण, मूळ कुठले, भाषांतर कुणी केले, तारीख कोणती, हे प्रश्न आपण संतवाङ्मयाच्या पोथीला विचारतो. स्वयंपाकघरात काय यावे हे ठरवणाऱ्या कागदाला विचारत नाही.

मी नवीन पनवेलला राहते. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. जनुकशास्त्रातले जे थोडेफार कळते ते पुस्तके, राजपत्रे आणि कृषी विद्यापीठांची प्रकाशने वाचून. जनुकीय बदल केलेले, म्हणजे 'जीएम' अन्न कसे ओळखावे आणि कसे टाळावे, हे सांगणारा मराठी मजकूर मी गेली काही वर्षे जमवते आहे. त्याला निमित्त झाल्या त्या आसपासच्या बायका. कुणी गरोदर सून घरात असलेली, कुणी आजारातून उठलेली. "मावशी, तुम्ही वाचता ना, मग यातलं खरं काय ते सांगा," असे म्हणून फोन पुढे करायच्या. जीएम अन्न चांगले की वाईट हा वाद प्रस्तुत लेखाचा विषय नाही. ज्याला ते टाळायचे आहे त्याला टाळता येईल इतकी विश्वासार्ह माहिती मराठीत मिळते का, आणि मिळत नसेल तर हे गद्य नेमके कुठे फसते, एवढेच पाहायचे आहे.

माझ्या फायलीतला सर्वांत चिवट मजकूर म्हणजे 'ही पिके टाळा' अशी यादी. तिच्या अनेक आवृत्त्या आहेत, पण सगळ्यांचे कूळ एकच, आणि ते अमेरिकन आहे. मूळ यादीत मका, सोयाबीन, कॅनोला, शुगर बीट, अल्फाल्फा, पपई, समर स्क्वॉश, अलीकडे बटाटा आणि सफरचंद, आणि बहुधा शेवटी कापूस. अमेरिकेत राहणाऱ्यासाठी ही यादी ठीकच आहे. तिथली साखर बऱ्याच प्रमाणात बीटापासून होते आणि ते बीट जवळपास सगळे जीएम. हवाई बेटांवर पपईच्या बागा रिंगस्पॉट विषाणूने उद्ध्वस्त होऊ लागल्या तेव्हा १९९८ पासून तिथे 'रेनबो' ही जनुकीय बदल केलेली पपई लावली गेली; म्हणून पपई यादीत.

हीच यादी मराठीत येताना काय होते पाहा. समर स्क्वॉशचा 'दुधी भोपळा' होतो. कॅनोलाची 'मोहरी' होते. अल्फाल्फा म्हणजे आपला लसूणघास, गुरांचा चारा. एका आवृत्तीत त्यातला 'घास' गळाला आणि फोडणीतली लसूण संशयित ठरली. शुगर बीटचे नुसते 'बीट' झाले आणि कोशिंबीर बाद झाली. पपई तर जशीच्या तशी. आता पनवेलच्या बाजारात येणारी पपई नंदुरबारकडची असो वा सोलापूरकडची, ती बहुतेक 'तैवान ७८६' या वाणाची. तो संकरित वाण आहे, जीएम नाही. आपली साखर उसाची, आणि भारतात जीएम ऊस लागवडीला नाही. म्हणजे ही यादी इमानाने पाळणारी गृहिणी दुधी, लसूण, बीट, पपई या चार निर्दोष वस्तू घरातून घालवते.

हे हसण्यावारी नेता आले असते. पण यादीच्या शेवटच्या शब्दापाशी थांबायला हवे. कापूस. मराठी वाचक तो वाचतो आणि पुढे जातो, कारण कापूस कोणी खात नाही. काही भाषांतरकारांनी तो काढूनच टाकला आहे. त्यांना ती छपाईची चूक वाटली असावी. आणि नेमके तेच एक पीक महाराष्ट्राच्या ताटात आहे.

२६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीने जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बीटी कापूस वाणांना परवानगी दिली. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली उभी केलेली ही कंपनी. तेव्हा भारतातल्या जीएम पिकाचा इतिहास मराठवाड्याच्या मातीतून सुरू होतो असे म्हणायला हरकत नाही. जमिनीत आढळणाऱ्या बॅसिलस थुरिन्जेन्सिस या जिवाणूचे एक जनुक कापसात घातलेले; त्यामुळे झाडच बोंडअळीला मारणारे प्रथिन तयार करते. आज महाराष्ट्रात सुमारे ४० लाख हेक्टरवर कापूस असतो आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक बीटी. कापूस वेचला, जिनिंगमध्ये रुई निघाली, की उरते ती सरकी. सरकी गाळली की तेल आणि पेंड. देशात दरवर्षी दहा लाख टनांहून अधिक सरकी तेल तयार होते. गुजरातेत ते उघडपणे घरोघरी वापरले जाते. आपल्याकडे ते बहुधा पाकिटातून येते. फरसाण, वेफर्स, चिवडा यांच्या पाकिटाच्या पाठीवर 'खाद्य वनस्पती तेल' या शब्दांनंतर कंसात बारीक अक्षरांत पामोलिनच्या शेजारी ते बसलेले असते.

माझ्या घराजवळ एक लाकडी घाण्याचे दुकान आहे. तिथल्या दादांना मी विचारले, "तुमच्याकडे सरकीचं तेल कोणी मागतं का हो?" ते म्हणाले, "नाही ताई. शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरेल जातं. सरकी कशाला मागतील? ती न मागताच पोटात जाते की."

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१८ मध्ये बाजारातले ६५ खाद्यपदार्थ प्रयोगशाळेत तपासले. ३५ आयात केलेले, ३० भारतात बनलेले. एकूण २१ नमुन्यांत जीएम घटक सापडला: आयात मालातले १६ आणि देशी मालातले ५. हे पाचही नमुने सरकीच्या तेलाचे होते. माझ्या फायलीतल्या एकाही 'टाळा' यादीत सरकी हा शब्द नाही. ज्या एका शब्दासाठी यादी वाचायची, तोच त्यात नाही.

भाषांतराचा दोष इथे संपतो आणि शब्दांचा सुरू होतो.

मराठीत या वस्तूला एकच नाव नाही. 'जनुकीय सुधारित', 'जनुकीय परिवर्तित', 'जनुकसंस्कारित' आणि शेतात नुसते 'बीटी'. लेखक कोणता शब्द निवडतो त्यावरून त्याचा पक्ष पहिल्या ओळीतच कळतो. 'सुधारित' म्हणणारा बहुधा बियाणे उद्योगाच्या किंवा विद्यापीठाच्या बाजूचा. 'परिवर्तित' जरा तटस्थ. 'संस्कारित' हा शब्द मला विलक्षण वाटतो. पंचा नेसून, गंध लावून पाटावर बसलेले वांगे डोळ्यांपुढे येते. असो. यांपैकी कोणताही शब्द रोजच्या बोलण्यात उतरला नाही आणि त्याची जागा एका जुन्या शब्दाने घेतली. तो म्हणजे 'हायब्रीड'.

'हायब्रीड' हा शब्द मराठीत शिवीसारखा वापरला जातो याला साठ वर्षांचा इतिहास आहे. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. उत्पन्न वाढले, पण भाकरीला मालदांडीची चव नव्हती. तेव्हापासून बेचव, टपोरे, चकचकीत ते सगळे हायब्रीड, आणि त्याच्या उलट ते गावरान. जीएम हा शब्द आला तेव्हा लोकांनी तो याच खणात ठेवला. आणि सल्ला लिहिणाऱ्यांनी तो तिथून बाहेर काढायचे कष्ट घेतले नाहीत. त्यामुळे 'जीएम कसे ओळखाल?' या मथळ्याखाली येते काय, तर: आकाराने मोठे, सारखे, चमकदार, बिनबियांचे, लवकर न सडणारे फळ जीएम समजावे.

या लक्षणांना काहीही आधार नाही. बिनबियांची द्राक्षे, म्हणजे नाशिक-सांगलीची थॉम्पसन, ही निसर्गात घडलेल्या बदलातून आलेली आणि कलमाने वाढवलेली जुनी जात. जळगावची एकसारखी केळी टिश्यू कल्चरच्या रोपांची. तिथे उतीपासून रोप वाढवतात, परके जनुक घालत नाहीत. स्टेशनबाहेर वाफाळत्या पातेल्यात मिळणारा 'अमेरिकन' स्वीट कॉर्न नावानेच बदनाम. भारतात जीएम मक्याच्या लागवडीला परवानगी नाही, तो संकरित गोड मका आहे. नावापुढे आकडा असला की लोक आणखी बिचकतात. आमच्या पनवेललाच कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र आहे. खाडीकाठच्या खारट जमिनीत तग धरणारे भाताचे वाण तिथे तयार झाले, त्यांची नावे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३. साध्या निवड आणि संकर पद्धतीने केलेले हे काम. एका बाईंनी मला विचारले होते, "पनवेल-तीन म्हणजे जीएमच ना? नाहीतर नंबर कशाला दिला असता?" प्रश्न त्यांचा नव्हता, त्यांनी वाचलेल्या गद्याचा होता.

उलट सरकी तेलाला रूप, रंग, चव, आकडा काहीच नाही. जे खरोखर जीएमपासून आलेले आहे ते डोळ्यांनी ओळखता येत नाही. 'ओळखा' हे क्रियापदच या मजकुरातून हद्दपार करायला हवे. पिकाचे नाव, देश आणि वर्ष या तीन गोष्टी जुळल्या तरच काही सांगता येते.

आता पुराव्याविषयी. या मजकुरात दोन पुरावे पुन्हा पुन्हा येतात. पहिला स्टिकरचा. फळावरच्या स्टिकरवरचा पाच आकडी क्रमांक ९ ने सुरू झाला तर सेंद्रिय, ८ ने सुरू झाला तर जीएम. यातले अर्धे खरे आहे आणि म्हणून ते टिकले आहे. ९ चा उपयोग सेंद्रिय मालासाठी होतो. ८ हा आकडा एके काळी जीएमसाठी राखून ठेवला होता, पण दुकानांत तो त्या अर्थाने कधी वापरातच आला नाही. हे क्रमांक ऐच्छिक, दुकानातल्या बिलाच्या सोयीसाठीचे. आपला माल जीएम आहे असे स्टिकरवर स्वतःहून छापणारा व्यापारी कोणत्या ग्रहावर राहतो, असा प्रश्न एकाही अग्रेषकाला पडलेला दिसत नाही. पुढे ८ चा तो राखीव अर्थ रद्द करून ते क्रमांक सर्वसाधारण वापरासाठी मोकळे केले गेले. निरोप मात्र फिरतोच आहे.

दुसरा पुरावा उंदरांचा. मोठमोठ्या गाठी आलेल्या उंदरांची छायाचित्रे. ती फ्रान्सच्या सेरालिनी यांच्या सप्टेंबर २०१२ मधल्या शोधनिबंधातली. जीएम मका खाऊ घातलेल्या उंदरांना गाठी झाल्या असा त्यात दावा होता. वापरलेल्या जातीच्या उंदरांना वय वाढले की तशाही गाठी होतात, गटांतली संख्या फार कमी होती, असे आक्षेप आले. नियतकालिकाने नोव्हेंबर २०१३ मध्ये तो निबंध मागे घेतला. लेखकांनी तो २०१४ साली दुसरीकडे पुन्हा प्रसिद्ध केला. वाचकाला ही सगळी कथा सांगणे हे प्रामाणिक गद्य. नुसता फोटो दाखवणे ही लबाडी, आणि 'सेरालिनी खोटारडा' म्हणून विषय मिटवणे हा आळस. माझ्या संग्रहात पहिला प्रकार भरपूर, दुसराही आहे. पूर्ण कथा मराठीत सांगणारा मजकूर मला मिळालेला नाही.

इथपर्यंत भिववणाऱ्या गद्याचा समाचार झाला. धीर देणारे गद्य अधिक सभ्य भाषेत लिहिलेले असते, म्हणून ते अधिक बारकाईने वाचावे लागते.

त्याचे मुख्य वाक्य असे: भारतात कोणत्याही जीएम अन्नपिकाच्या व्यापारी लागवडीला परवानगी नाही. वाक्य खरे आहे. बीटी वांग्यावर फेब्रुवारी २०१० पासून स्थगिती आहे. डीएमएच-११ या मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणीय मुक्ततेची परवानगी मिळाली, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे आणि २३ जुलै २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींनी परस्परविरुद्ध निकाल दिले. तेव्हा शेतापुरते हे वाक्य बरोबर. परंतु तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदापर्यंत येता येता या वाक्यातले 'पीक' आणि 'लागवड' हे शब्द गळतात आणि वाचकाच्या हातात उरते: भारतात जीएम अन्न नाही. हे खोटे आहे. कापूस कागदोपत्री अन्नपीक नाही, पण त्याचे तेल अन्न आहे. आणि लागवड इथे झाली नाही तरी आयात होते.

त्या आयातीचा रस्ता आमच्या दाराजवळून जातो. अर्जेंटिना आणि ब्राझीलचे सोयाबीन जवळपास सगळे जीएम. त्यापासून काढलेल्या तेलाच्या आयातीला २००७ सालीच परवानगी मिळाली, आणि अलीकडच्या वर्षांत ३० लाख टनांहून अधिक सोयातेल देशात येते. लातूरचा शेतकरी पिकवतो ते सोयाबीन जीएम नाही. पण दुकानातल्या सोयातेलाच्या पिशवीत लातूर किती आणि अर्जेंटिना किती, हे पिशवी सांगत नाही. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली. कोंबडीखाद्य महागले होते, पोल्ट्रीवाले हवालदिल होते. ही पेंड प्रथम दोनच ठिकाणांहून येऊ द्यायची होती: बंगालच्या सीमेवरचे पेट्रापोल आणि उरणजवळचे न्हावाशेवा. बंदर नवीन पनवेलपासून तासाभराच्या आत. पर्यावरण मंत्रालयाचा युक्तिवाद असा की तेल काढून भरडलेल्या पेंडीत जिवंत, उगवू शकणारे काही उरत नाही, म्हणून पर्यावरणाच्या बाजूने हरकत नाही. युक्तिवाद चुकीचा नाही. मराठवाड्यातल्या सोयाबीन उत्पादकांचा राग भावावरून होता, तोही रास्त. पण त्या दिवसांत आलेल्या आरोग्यविषयक मजकुरांत अंडे आणि ब्रॉयलर यांचा याच्याशी काही संबंध आहे का, हे सांगणारी एक ओळ नव्हती. पपईबद्दल मात्र होती.

उत्तर द्यायला फार जागा लागली नसती. जीएम चारा खाल्लेल्या जनावराचे दूध, मांस, अंडी यांना लेबल लावायची सक्ती युरोपियन युनियनसारख्या कडक प्रदेशातही नाही, कारण खाद्यातले जनुक आणि प्रथिन पचनात मोडते. गोठ्यात सरकी पेंड खाणाऱ्या म्हशीला हाच न्याय. ज्याला हे पुरेसे वाटत नाही त्याने चाऱ्याची चौकशी करावी, हेही सांगता आले असते.

लेबलाचा कायदा आपल्याकडे आहे का? आहे. वजन-मापे कायद्याखालच्या आवेष्टित वस्तू नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २०१३ पासून जीएम अन्न असलेल्या पाकिटाच्या दर्शनी भागावर सर्वांत वर 'जीएम' ही अक्षरे छापणे बंधनकारक झाले. नवीन पनवेलच्या सेक्टरांमधली लहानमोठी दुकाने मी वर्षानुवर्षे पाहते आहे. ती दोन अक्षरे मला एकाही पाकिटावर दिसली नाहीत. सरकी तेलाच्या डब्यावरही नाहीत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२० मध्ये एक आदेश काढला: सफरचंद, मका, पपई, बटाटा, तांदूळ, सोयाबीन अशा २४ पिकांचा आयात माल जीएम नसल्याचे प्रमाणपत्र सोबत हवे, नकळत मिसळ झालीच तर एक टक्क्यापर्यंत चालेल. १ मार्च २०२१ पासून तो लागू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात जीएम अन्नाच्या नियमांचा मसुदा आला, पुढच्या वर्षी तो सुधारून पुन्हा आला. त्यातही लेबलासाठी एक टक्क्याचीच रेषा आहे. युरोपात ही रेषा ०.९ टक्के, अमेरिकेत ५ टक्के.

टक्क्यांचा हा हिशेब तेलाशी येऊन अडतो. शुद्ध केलेल्या तेलात जनुकद्रव्य आणि प्रथिन जवळपास उरतच नाही. मग तेल 'जीएम आहे' म्हणायचे की 'जीएमपासून आले आहे'? मराठीत हा फरक एका प्रत्ययाचा आहे, कायद्यात तो कोट्यवधी रुपयांचा.

आणि उलट बाजूचे लेबल? ते मात्र मुबलक. 'नॉन-जीएमओ' हे शब्द मी गुळाच्या पावडरीवर, मखान्यावर, तिळावर पाहिले आहेत. यांतल्या कशाचेही जीएम वाण भारताच्या बाजारात नाही. एकदा सैंधव मिठाच्या पाकिटावर पाहिले. मिठाला जनुके नसतात. ते विकणाऱ्याला ठाऊक असेलच. घेणाऱ्याला ठाऊक नसेल या भरवशावर ते छापलेले आहे, आणि तो भरवसा आपल्या सल्ला-गद्यानेच निर्माण केलेला आहे. 'जैविक भारत'ची खूण निदान एका नियमावलीवर उभी आहे. राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमात जीएम बियाणे निषिद्ध आहे. ज्याला एकच खूण लक्षात ठेवायची असेल त्याने ती ठेवावी. तेलापुरते त्याहून स्वस्त उत्तर आहे: शेंगदाणा, करडई, तीळ, सूर्यफूल, खोबरे यांचे जीएम पीक भारतात नाही. पामचेही नाही, त्याच्याबद्दलच्या तक्रारी वेगळ्या.

या सगळ्या लेखनाचा सर्वांत मोठा दोष मला वेगळाच वाटतो. 'का टाळायचे?' हे ते विचारत नाही. आरोग्यासाठी टाळायचे असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींचा २०१६ चा मोठा अहवाल आधी वाचावा. बाजारात असलेल्या जीएम अन्नाने माणसाच्या प्रकृतीला इतर अन्नापेक्षा अधिक धोका होतो असा पुरावा त्यांना मिळाला नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक पीक स्वतंत्रपणे तपासा म्हणते. नव्या प्रथिनाची ॲलर्जी ही ज्याची काळजी, त्याला शुद्ध केलेल्या तेलापेक्षा आयात मका-सोयाच्या पिठाची चौकशी अधिक उपयोगी. पण बियाणे कंपनीच्या हाती जाणे, शेतकऱ्याचे परावलंबन, जैवविविधता ही ज्याची कारणे आहेत त्याला तेल शुद्ध आहे की नाही याने काय फरक पडतो? त्याने सरकी तेल टाळावेच, आणि मग अंगातल्या सुती सदऱ्याचाही विचार करावा, कारण तो बीटीचाच आहे. कारण बदलले की यादी बदलते. सगळ्यांना एकच यादी देणारा सल्लागार वाचकाला कारण असू शकते हेच मानत नाही.

कारण उघडपणे मांडणारे गद्य कुठे सापडते? मला ते दोन परस्परविरोधी जागी सापडले. पहिली जागा जयराम रमेश यांचा ९ फेब्रुवारी २०१० चा बीटी वांग्यावरचा निर्णय. महिकोच्या या वांग्याला समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी मान्यता दिली होती. मंत्र्यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. महाराष्ट्रातली नागपूरला झाली. निर्णय प्रथमपुरुषी लिहिलेला आहे. कोणत्या राज्यांनी काय कळवले, कोणता शास्त्रज्ञ बाजूने, कोणता विरुद्ध, तपासण्या कोणी केल्या, आणि 'मी' या टप्प्यावर का थांबतो, असा त्याचा क्रम. स्थगिती पटो न पटो, वाचकाला ती कुठल्या पायरीवर नाकारायची हे कळते. (त्याच वर्षी समितीच्या नावातला 'मान्यता' हा शब्द जाऊन 'मूल्यांकन' आला, इंग्रजी आद्याक्षरे तीच राहिली.) त्या निर्णयाचा नीट मराठी अनुवाद माझ्या पाहण्यात नाही. वांग्यावरच्या भीतीदायक मजकुराचे मात्र ढीग आहेत. आणि बाजारातल्या त्या बिगर-बीटी वांग्यावर शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीसाठी किती फवारण्या होतात, हे त्यांतल्या फारच थोड्यांना सांगावेसे वाटते. बांगलादेशाने हेच वांगे २०१३ साली मंजूर केले, तिथला अनुभवही आपल्या मजकुरात येत नाही.

दुसरी जागा अकोला जिल्ह्यातले अकोली जहाँगीर. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तिथे परवानगी नसलेला तणनाशक-सहनशील कापूस जाहीरपणे लावला, कायदेभंग म्हणून. शरद जोशींच्या तंत्रज्ञान-स्वातंत्र्याच्या मांडणीचा तो वारसा. मला त्यांचा मार्ग पटत नाही. बेकायदा बियाणे शेजारच्या शेताला विचारत नाही. पण काय लावतो, का लावतो, कोणता कायदा मोडतो, हे त्यांनी लपवले नाही. ग्राहकाला सल्ला देणाऱ्यांत इतका स्पष्टपणा मला क्वचित दिसला.

दरम्यान शब्दांची नवी अडचण दारात उभी आहे. मार्च २०२२ मध्ये केंद्राने काही प्रकारच्या जनुक-संपादित वनस्पतींना, म्हणजे ज्यांत परके जनुक अखेरीस राहत नाही अशांना, जीएमच्या कठोर नियमांतून वगळले. ४ मे २०२५ रोजी भारतीय कृषी संशोधन परिषदेने अशा भाताचे दोन वाण जाहीर केले: डीआरआर धान १००, म्हणजे 'कमला', आणि पुसा डीएसटी राइस १. हे वाण कायद्याच्या अर्थाने जीएम नाहीत. उद्या त्यांचा तांदूळ दुकानात आला तर पाकिटावर ती दोन अक्षरे येणार नाहीत, आणि 'नॉन-जीएमओ' छापायलाही कदाचित कोणी अडवणार नाही. मराठी वृत्तपत्रांनी या वाणांसाठी 'जनुक-संपादित' हा शब्द वापरायला सुरुवात केली आहे. माझ्या फायलीत त्यांच्याविषयीचा पहिला निरोप जूनमध्येच आला. त्यात लिहिले आहे की हा तांदूळ शिजवल्यावर जास्त पांढरा दिसतो, त्यावरून ओळखावा.